समोरची तार

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या की लातूरच्या गंजगोलाईत केळीचे खांब विकायला येतात. हातगाड्यांवर, टेम्पोच्या फाळक्याला टेकवून, कुठं नुसतेच रस्त्याच्या कडेला उभे करून. आमच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत, त्यामुळं मला खांब घ्यायचा नसतो. तरी मी दरवर्षी त्याच बाजूनं जाते आणि गेल्यावर स्वतःवरच वैतागते, कारण कापलेल्या खोडाचा तो ओला, तुरट वास एकदा नाकात शिरला की दोन दिवस निघत नाही. यंदाही तेच झालं. मेथी घ्यायला म्हणून गेले आणि एक गाडीवाला म्हणाला, "ताई, जोडी न्या. अर्धापूरची हाय, सकाळीच तोडलेली." मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. तो बिचारा भाव उतरवत गेला, मला घ्यायचंच नाही हे त्याला कळेना. शेवटी मेथी न घेताच घरी आले.

या वासाशी माझं नातं पूजेचं नाही, भट्टीचं आहे. नांदेडच्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात मी चार भाद्रपद केळीची खोडं जाळली. पीएचडी करत होते. पाण्यातून वीज सोडली की पाणी फुटतं, एका बाजूला हायड्रोजन सुटतो, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण पाणी सुखासुखी फुटत नाही, वीज फार खातं. ते सहज फुटावं म्हणून पाण्यात बुडवलेल्या पट्टीवर उत्प्रेरक लावावा लागतो आणि त्यात प्लॅटिनमचा हात धरणारं कुणी नाही. प्लॅटिनम परवडतं कुणाला? म्हणून जगभर माणसं स्वस्तातलं काहीतरी शोधत बसलेली आहेत. त्यातलीच दोन माणसं आम्ही, मी आणि बिराजदार सर. आमचा स्वस्त माल म्हणजे केळीच्या खोडाचा कोळसा आणि त्यात मुरवलेलं थोडं लोखंड.

सर उदगीरचे. घरचं किराणा दुकान होतं, भाऊ ते चालवायचे, आणि सर पंचवीस वर्षं नांदेडात राहून रसायनशास्त्र शिकवत होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, पायात कायम त्याच चपला. मी बिलोलीची, वडील पंचायत समितीतून निवृत्त झालेले. रोज सकाळी मी दारातून "जय भीम, सर" म्हणायची आणि ते मान वर न करता लिंगायतांच्या रीतीनं "शरणार्थ, शरणार्थ" म्हणायचे. मग काम सुरू. चार वर्षांत एकही सकाळ याशिवाय गेली नाही. विभागातले लोक हसायचे, आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

खोड आणायला आम्ही दोघं सरांच्या स्कूटरवरून अर्धापूरला जायचो. घड तोडले की झाडाचं काम संपतं, खोडं बांधावर लोळत पडतात. ज्यांच्या बागेतून आणायचो ते माधवराव पहिल्या वर्षी आमच्याकडं संशयानंच बघत होते. "हे नेऊन काय करता सर? जनावरं बी तोंड लावीनात याला."

"जाळणार हाव."

"जाळायला? मग अर्धापूरपर्यंत कशाला आलाव? नांदेडात लाकडं न्हाईत व्हय?"

सरांनी त्यांना बांधावर उकिडवं बसून सगळं समजावलं. कोळशातली बारीक छिद्रं, त्यातली हवा, पाणी, वीज, पुढं यावर गाड्या कशा चालतील ते. माधवरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. गाडी निघाली की मला एक चक्कर मारून आणा." सर परत येताना स्कूटरवर एकटेच हसत होते. माझ्या ओढणीवर खोडाच्या चिकाचे डाग पडले होते. ते डाग कशानंच जात नाहीत, आधी दिसतही नाहीत, वाळल्यावर काळे पडतात. त्या चार वर्षांतला माझा एकही ड्रेस बिनडागाचा नव्हता आणि आई दर सुट्टीत म्हणायची, "शिकायला गेलीस का केळी तोडायला?"

पाणी फोडायच्या भांड्यात दोन बाजू लागतात. पातळ गंधकाम्लात एकीकडं आमची पट्टी, काळा लेप लावलेली. समोर दुसरं काहीतरी, वीज आत-बाहेर जाण्यापुरतं. समोरच्या बाजूला आम्ही प्लॅटिनमची तार वापरायचो. विभागात ती एकच होती, बोटभर लांबीची, आणि सरांनी ती भस्माच्या एका रिकाम्या डबीत कापसावर ठेवली होती. डबीच्या झाकणात आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यावर तार आली त्या दिवशीचं वजन सरांच्या बारीक अक्षरात. सकाळी सर डबी खिशातून काढून माझ्या हातात द्यायचे, संध्याकाळी मी तार धुऊन, पुसून परत द्यायची. लेकराला शाळेत सोडावं आणि आणावं तसं चाललेलं असायचं ते. पण त्या तारेचं वजन मात्र आम्ही पुन्हा कधी करून बघितलं नाही. तिचं काय वजन करायचं? ती तर नुसती समोर उभी असते, भाग घेत नाही, हेच आम्ही दोघंही शिकलेलो आणि सर तेच शिकवत आलेले.

त्या शेवटच्या भाद्रपदात, सरांच्या नोकरीचा शेवटचा महिना चालू असताना, पट्टी बोलायला लागली. पहिल्या दिवशी नेहमीसारखी ढिम्म. मीटर फारसा हलेना. आधीच्या पट्ट्या आम्ही एका दिवसात काढून टाकायचो, ही तशीच ठेवून रोज वीज सोडत गेलो तशी ती सुधारत गेली. तिसऱ्या दिवशी बुडबुडे दाट झाले, सहाव्या दिवशी तर पट्टीवरून असे उसळायला लागले की मी सरांना वर्गातून बोलावून आणलं. सर भांड्यासमोर वाकून किती वेळ बघत राहिले. सगळे उत्प्रेरक वापरून वापरून मरगळतात. हा वापरून तरतरीत होत होता. सर म्हणाले, "रोप लावल्यावर आठ दिवस कोमेजतं बघ, अन् मग उचल घेतं. तसं करायलंय हे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "लेप तुझा आहे विशाखा. तुझ्या हाताला गुण आहे."

मला इतका आनंद आयुष्यात परत झाला नाही. पीएचडी झाली तेव्हाही नाही, लग्नात तर नाहीच.

महालक्ष्म्यांना सर दोन दिवस उदगीरला गेले आणि जाताना डबी चुकून खिशातच राहिली. काम थांबवायचं नव्हतं. मी बॅटरीतला जुना सेल फोडला, त्यातली काळी कार्बनची कांडी काढली, घासून धुतली आणि तारेच्या जागी लावली. नवीन पट्टीला लेप लावला, अगदी तसाच. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पट्टी ढिम्म ती ढिम्म. तोवर सर आले होते, त्यांच्यामागं निरोप समारंभाची गडबड लागली होती, डबी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवून दिली. मी त्याच पट्टीसमोर तार लावली. दोन दिवसांत बुडबुडे उसळायला लागले.

तेव्हा मी तार धुतली, वाळवली आणि तराजूच्या काचेच्या कपाटात ठेवली. झाकणातल्या चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा ती हलकी भरली. फार नाही. पण भरली. तीनदा मोजलं.

न समजण्यासारखं काही नव्हतं. तार कणाकणानं झिजत होती, आम्लातून पलीकडं जात होती आणि आमच्या काळ्या लेपावर जाऊन बसत होती. पाणी फोडत होतं ते प्लॅटिनमच. प्लॅटिनम नको म्हणून चार वर्षं खोडं जाळली आणि तेच गुपचूप समोरून येऊन आमच्या लेपावर बसलं. माझ्या हाताला गुणबिण काही नव्हता. पुढं कळलं की आमच्यासारखे फसलेले पुष्कळ होते, आता तर या कामात समोर काय लावलं होतं हा पहिलाच प्रश्न असतो. तेव्हा नांदेडच्या त्या खोलीत मला वाटलं, असा मूर्खपणा जगात फक्त आम्ही दोघांनीच केला.

सरांना सांगायचं ठरवूनच मी दुसऱ्या दिवशी गेले. ते भाषणाचा कागद लिहीत बसले होते. "ये, ऐक," म्हणाले आणि वाचून दाखवायला लागले. मी ऐकत उभी राहिले. समारंभ झाल्यावर सांगू, असं मनाशी म्हटलं. समारंभात शाल, नारळ झालं आणि सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "पाणी फोडायला प्लॅटिनम लागतं असं मी जन्मभर पोरांना सांगत आलो. जाता जाता दुरुस्त करतो. अर्धापूरच्या केळीचं खोड पुरतं." टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पदरानं डोळे पुसत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या.

खरं सांगायचं तर मला कुणी अडवलं नव्हतं. समारंभानंतर एक दिवस होता, आठवडा होता, महिना होता. मी स्वतःला सांगत राहिले की म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं. ते खोटं होतं. एक म्हणजे ते म्हातारे नव्हते. आणि दुसरं म्हणजे, "तुझ्या हाताला गुण आहे" हे त्यांचं वाक्य मला परत द्यायचं नव्हतं.

प्रबंधात ते प्रकरण घालणं शक्य नव्हतं. नव्या मार्गदर्शकांना मी सांगितलं, वेळ पुरणार नाही, बाकीच्या कामावर भागवू. सरांना वाटलं मी त्यांच्यासाठीच ते बाजूला ठेवलं. उदगीरहून त्यांचा फोन आला. "तुझं मन मोठं आहे गं. त्या प्रयोगांची वही मला पाठव. मी घरी बसून पूर्ण करतो. नाव दोघांचं लावू." मी वही पाठवली. कांडीचे ते चार दिवस आणि तारेचं वजन मी तिच्यात लिहिलेलंच नव्हतं. बसच्या ड्रायव्हरकडं दिली, जांबमार्गे जाणाऱ्या. देताना तिच्यात एक चिठ्ठी घालावी असं वाटलं होतं. घातली नाही.

गच्चीवरच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा मांडली. छोटी भट्टी, जुना पॉवर सप्लाय, मीटर, काचेची भांडी. तार कॉलेजची होती, ती त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच सही करून जमा केली होती, खाजगी कामाला सरकारी वस्तू त्यांनी कधीच वापरली नसती. त्यामुळं समोर कार्बनची कांडी. आणि कांडी लावली की काय होतं ते मला माहीत होतं.

दर महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. आधी हसत. "बसंना झालंय गं. पट्टी रुसून बसली." मग जरा चिंतेनं. खोड उदगीरच्या बाजूचं वापरलं म्हणून असेल, म्हणून ते बसनं अर्धापूरला गेले, एकटे, खोड पोत्यात घालून परत आले. मग पाणी बदललं, मग भट्टीची आच बदलली. मी लातूरला नोकरी धरली होती, डॉक्टर व्हायच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना शिकवायची. दोन तासांच्या मधे फोन घ्यायची, "हो सर, बघा सर," म्हणायची आणि पुढच्या वर्गात जायची. एकदा त्यांनी सरळच विचारलं. "विशाखा, एक सांग. समोर तार नाही, कांडी आहे. त्यानं काही फरक पडत असंल का?"

वर्गाच्या दारात उभी होते मी. आत दीडशे पोरं वाट बघत होती. मी म्हणाले, "नाही सर. त्यानं काय पडतोय फरक?"

"मी बी तेच म्हणतो," ते म्हणाले. "मग लेपच चुकतोय. माझाच हात बसंना गेला. तुझ्यासारखा पातळ लागंना."

आत जाऊन मी फळ्यावर लिहिलं, प्लॅटिनम हा निष्क्रिय इलेक्ट्रोड आहे. पुस्तकात तसंच आहे, परीक्षेत तसंच विचारतात, आणि मार्क पाहिजे असतील तर तसंच लिहावं लागतं. अजूनही दर भाद्रपदात हा धडा येतो. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे ते अजिबात झिजत नाही का?" मी म्हणाले, पेपरमध्ये नाही झिजत. पोरं हसली. तीही हसली आणि तिनं वहीत लिहून घेतलं.

सर जाऊन आता दोन वर्षं झाली. माघात गेले. त्याच्या आधीच्या भाद्रपदात काकूंचा फोन आला होता. काकू घरात निम्मं कानडी बोलायच्या आणि मला मुलीसारखं "अव्वा" म्हणायच्या. "अव्वा, येऊन जा एकदा. कंप धरलाय त्यांच्या हाताला. सामान सगळं शाळेला देऊन टाकलं. दिवसभर बोलंनात."

मी उदगीरला गेले. रिकाम्या खोलीत एक फळी तेवढी राहिली होती आणि फळीवर पट्ट्या, ओळीनं, प्रत्येकीखाली तारखेची चिठ्ठी. तीन वर्षांच्या पट्ट्या. किती होत्या ते मी मोजलं नाही. सगळ्यांवरचा लेप पातळ आणि एकसारखा होता, माझ्यापेक्षा चांगला. सर खुर्चीत बसले होते, उजवा हात डाव्यात धरून. "बघ," म्हणाले, "यातली एकही तुझ्यासारखी बसली नाही." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपण कमी पडलो हे मान्य करून टाकलेल्या माणसाचं ते बोलणं होतं, आणि तेच मला ऐकवेना.

मी सांगितलं. सेल फोडला तिथपासून तारेच्या वजनापर्यंत, आणि फोनवर खोटं बोलले तेही. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. सर ऐकत होते. रसायनशास्त्राचा भाग त्यांना लगेच कळला, दोन वाक्यांतच. त्यांचे डोळे क्षणभर चमकले, कोडं सुटल्यावर चमकतात तसे. मग ती चमक गेली.

"म्हणजे माझा लेप बरोबर होता," ते म्हणाले.

"हो सर. पहिल्या दिवसापासून."

खाली काकू हुग्गी करत होत्या, गव्हाचा आणि गुळाचा वास जिन्यातून वर येत होता.

"त्याच दिवशी सांगायचं होतंस बाई. एक दिवस वाईट वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी लोखंड बाजूला सारून दुसरं काही हातात घेतलं असतं. निकेल होतं, मॉलिब्डेनम होतं. डोक्यात लई होतं माझ्या." ते फळीकडं बघत होते, माझ्याकडं नाही. "तेव्हा हात चांगला होता माझा."

मी माफी मागितली नाही. माफ करा म्हटलं असतं तर त्यांनी केलं असतं, त्यांचा स्वभावच तसा. तेवढं तरी त्यांच्याकडून फुकट घ्यायचं नाही, असं मला वाटलं.

काकू चहा घेऊन वर आल्या. सरांनी कप उचलायला हात पुढं केला, कप बशीवर खडखडला, त्यांनी हात मागं घेतला. काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अव्वा, तूच पाज त्यांना. माझ्याकडून पीत न्हाईत." मी बशीत चहा ओतला आणि त्यांच्या ओठांशी धरला. ते माझ्या हाताकडं बघत घोट घोट प्यायले. बशीतला चहा काठापर्यंत होता. त्यातला एक थेंब सांडला नाही.